अप्पांच्या पालथ्याची वाटणी

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी काटेवाली स्वयंपाकघरात आली, तेव्हा सासरची सगळी मंडळी टेबलाभोवती आधीच येऊन बसली होती. काटेवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, हे तिचं काम. बाजारात तिला सगळे त्याच नावानं हाक मारायचे आणि सासरीही तेच नाव तिच्या आधी येऊन पोचलं होतं. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सासरे नोकरीतून मोकळे झालेले होते. सासूबाई लोकांना गाडी चालवायला शिकवायच्या, आणि अर्ध्या शहरानं त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून बोलणी खाल्लेली होती.

सासूबाई शेगडीपाशी उभ्या होत्या. हातात लायटर होता, पण पेटवत नव्हत्या. मान एका बाजूला कलती करून त्या कानोसा घेत होत्या. खालच्या मजल्यावरून भांड्यात काहीतरी घोटल्याचा खर्र खर्र आवाज येत होता. तो आवाज थांबला, तशी त्यांनी शेगडी पेटवली आणि तवा चढवला. तवा तापू दिला. मग आच कमी केली, झाकण ठेवलं, काढलं, खाली वाकून रंग पाहिला. उलथन्यानं कडा सोडवल्या. एक कड चिकटली होती बहुतेक, कारण तिथे त्यांनी जरा जोर लावला. मग मनगटाला एक झोकदार हिसका देऊन त्यांनी ते उलटलं.

तव्यावर काहीही नव्हतं.

काटेवालीला वाटलं, आपण नीट पाहिलं नसेल. ती थोडी पुढे सरकली. तवा कोरडा ठणठणीत होता. सासूबाईंनी तव्यावरचं ते काहीच नाही अलगद उचलून तिच्या ताटलीत ठेवलं. "पहिलं नव्या माणसाला. गरम आहे हं, बेतानं."

नवी सून आली की तिची थोडी गंमत करतात, हे तिला माहीत होतं. तेव्हा आता कोण आधी फुटतं म्हणून तिनं एकेकाचा चेहरा पाहिला. कुणी हसत नव्हतं. नवरा आपल्या ताटलीवर फुंकर घालत होता. सासऱ्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला, गिळला आणि म्हणाले, "आज मऊ झालंय."

"काल कडक झालं म्हणून तुम्हीच कुरकुरलात," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून आज लवकर उतरवलं."

"तक्रार नाही करत मी. मऊ चांगलंच लागतं."

सगळ्यांचं लक्ष आता काटेवालीच्या ताटलीकडे लागलं होतं. तिनं बोटांनी एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

"एवढा मोठा घास नको घेऊ गं," सासूबाई कळवळून म्हणाल्या. "जीभ भाजेल."

काटेवालीनं घास जिभेवर इकडून तिकडे फिरवला. मग म्हणाली, "छान झालंय, आई."

"आणखी वाढू?"

तिला भूक लागली होती. ती म्हणाली, "अर्धं चालेल."

सासूबाईंचा चेहरा असा उजळला, की काटेवालीला आपण काही फार मोठं पुण्यकर्म केलंय असं वाटलं. अर्धं म्हणता म्हणता त्यांनी अख्खं वाढलं.

त्या दिवशी एका किराणा दुकानात काटा तपासताना तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुकानदारानं स्टूल पुढे केलं. काट्यावर तोलायला ठेवलेले शेंगदाणे तिनं मूठभर उचलून खाल्ले आणि मग काटा कमी वजन दाखवतोय म्हणून त्याला पाऊण तास पिळत बसली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला गाठलं. तो एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत शिडीवर चढला होता.

"अरे, सकाळी आपण काय खाल्लं?"

"पालथं," तो वरूनच म्हणाला. "का गं? पचलं नाही का?"

"त्यात काही नव्हतं."

"आमच्यात साधंच करतात. तुमच्याकडे मसाला घालतात का?"

"मसाला नाही रे! पीठ नव्हतं, पाणी नव्हतं. तवा रिकामा होता."

नवरा शिडीवरून खाली उतरला. ब्रश डब्यात उभा केला, हात पुसले. त्याच्या दृष्टीनं ही गोष्ट शिडीवर उभं राहून सांगण्यासारखी नव्हती. "आपल्याकडे दुसरा अर्धा भाग करतात," तो म्हणाला. "तवा तापवण्यापासून पुढचा. पहिला अर्धा मामाकडे आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. पालथं ही त्यांच्या घराण्याची न्याहारी. पणजोबांच्या आजोबांपासून चालत आलेली, एका पिढीतल्या एकाच माणसाकडून पुढच्या पिढीतल्या एकाच माणसाकडे गेलेली. आजोबांपर्यंत, म्हणजे सासूबाईंच्या वडलांपर्यंत, ती अशी अखंड आली. आजोबांना सगळे अप्पा म्हणायचे. अप्पा कोर्टात वाटणीच्या दाव्यांचे कारकून होते. सख्खी भावंडं घराच्या एका दारासाठी, विहिरीच्या एका काठासाठी एकमेकांच्या उरावर बसतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं. त्यांना स्वतःला दोन मुलं, एक मुलगा नि एक मुलगी. त्यांनी घराची वाटणी केली, खालचा मजला मुलाला, वरचा मुलीला. आणि पालथ्याचीही वाटणी केली. भिजवण्यापासून घोटण्यापर्यंतचं सगळं मुलाला शिकवलं, तव्यापासून ताटलीपर्यंतचं मुलीला. एकाला दुसऱ्याचा भाग शिकवला नाही. दोघांना रोज सकाळी एकमेकांचं तोंड पाहावंच लागेल, असा त्यांचा हिशेब.

"मग?"

"मग मिठावरून भांडण झालं."

अप्पांनी दोघांनाही एवढंच सांगितलं होतं, की मीठ मधे घालायचं. अप्पा गेल्यावर मामानं पिठाचा घोळ घोटला, शेवटी मीठ घातलं आणि भांडं वर पाठवलं. सासूबाईंनी तव्यावर टाकण्याआधी मीठ घातलं. त्या सकाळी सगळ्या घराची जीभ झडली. दुसऱ्या दिवशी दोघांनीही समजूतदारपणे घातलं नाही, आणि ते गवतासारखं लागलं. तिसऱ्या दिवशी मीठ कुणाच्या वाटणीतलं, यावर जिन्यात उभं राहून इतकं काही बोललं गेलं, की त्यानंतर वरचं भांडं खाली गेलं नाही आणि खालचं वर आलं नाही.

"आणि तेव्हापासून तुम्ही हे... खाता?"

"आपली न्याहारी सोडायची कशी?" नवऱ्याला खरंच प्रश्न पडला. "मामाकडचे निदान कच्चं तरी खातात, असं लोक म्हणतात. पण मला विचारशील तर आपलं भाजलेलं बरं."

काटेवालीनं त्याच्या कानावरचा पिवळा रंग पुसला आणि दोघं घरी आली.

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या बेकरीत एक काटा बिघडला म्हणून तिला बोलावणं आलं. सकाळची वेळ होती. ती मागच्या खोलीत गेली, तर पिठाच्या पोत्यांच्या आडोशाला सासरे बसलेले. एका हातात मोठा पाव, दुसऱ्या हातात अर्धा. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. चेहरा शाळेतून पळालेल्या पोरासारखा झाला.

"बाबा, तुम्ही फिरायला जाता ना सकाळी?"

"फिरतोच की. फिरत फिरत इथवर येतो." मग पाव पुढे करून म्हणाले, "घे. सकाळचं पालथं जरा हलकं असतं. तिला मात्र बोलू नकोस हं, तिचा जीव आहे त्यात."

त्यांच्यापलीकडे आणखी एका पोत्यावर एक बाई कडक टोस्ट मोडत बसली होती. सासऱ्यांनी ओळख करून दिली. ही मामी, खालच्या मजल्यावरची. वरच्या आणि खालच्या घरांत बोलणं बंद होतं, पण बेकरी दोन्ही घरांच्या बाहेर होती, त्यामुळे इथे बोललेलं कुणी धरत नव्हतं.

"मला कोरडं काहीतरी लागतं गं," मामी म्हणाली. "सकाळी वाटीभर कच्चा घोळ पोटात गेला, की चालताना आतून डुबुक डुबुक आवाज येतो. लिफ्टमध्ये माणसं वळून बघतात."

"मग कशाला खाता?"

"ह्यांनी इतक्या निगुतीनं घोटलेला असतो! नाही कसं म्हणू?"

काटेवालीनं तिसरं पोतं धरलं. त्या दिवसापासून ती सकाळी वर पालथं खायची, मग बेकरीत येऊन पाव खायची आणि मग कामाला जायची. दिवस बरे चालले होते. नवरा कुठे खातो ते तिनं विचारलं नाही, पण त्याच्या शर्टावर कधीमधी चुरा सापडायचा.

मग एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "ये, आता तूही शीक. मी काय जन्मभर पुरणार आहे?"

नाही म्हणायची सोय नव्हती. सासूबाईंनी तिला शेगडीसमोर उभं केलं आणि स्वतः डाव्या बाजूला उभ्या राहिल्या, गाडीत बसायच्या तशा.

"आधी तवा. घाई नाही. हं, आता टाकलं असं धर. थांब. थांब म्हणते ना! आधी बघ, मग वळव. कड सुटलीय का ते पाहिल्याशिवाय उलथनं घातलंस तर फाटेल."

काटेवालीनं कड पाहिली. सुटलीय की नाही, कसं कळणार? तिनं अंदाजानं उलथनं सरकवलं आणि उलटलं.

"अगं बाई," सासूबाई हळहळल्या. "फाटलं."

दुसरं करपलं. सासूबाईंनी नाकाला रुमाल लावला आणि खिडकी उघडली. टेबलावर सासऱ्यांनी सुरीनं करपलेला भाग खरवडला आणि "कडा मात्र सुरेख झाल्यात" असं म्हणून तिची समजूत घातली. नवऱ्यानं निमूटपणे सगळं संपवलं आणि दोन ग्लास पाणी प्यायला. आता याला हसायचं, की आणखी काय करायचं? पण काटेवालीला हसू आलं नाही. तिला चक्क रडू आलं. सगळ्या बाजारात हिच्या हाताला वजन कळतं म्हणून नाव, आणि हिला घरचं एक पालथं उलटता येऊ नये!

ती इरेला पेटली. रोज करू लागली. कधी कच्चं राहायचं, कधी तव्याला चिकटायचं. एकदा तर तिनं कामावरचा लहान काटा घरी आणला, रिकामी ताटली तोलली, वाढलेली ताटली तोलली. काटा जागचा हलला नाही. सासूबाईंनी तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगदी सारखं येतंय की! हात बसायला लागला तुझा."

आणि मग एक दिवस जमलं. कसं ते तिला सांगता आलं नसतं. तिनं उलथनं घातलं, हिसका दिला, आणि मनगटाला कळलं, की आता बरोबर. सासूबाईंनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. मग म्हणाल्या, "अप्पांचा हात असा होता." काटेवाली त्या दिवशी बेकरीत गेली नाही. तिला भूकच नव्हती.

पण सगळं असं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी खालून आवाज आला नाही.

सासूबाई लायटर घेऊन उभ्या. मान कलती. खाली शांतता. मंडळी टेबलाभोवती बसलेली.

"पेटव की," सासरे म्हणाले.

"कशी पेटवू? खाली अजून झालं नाही."

"म्हणजे?"

"दादाचं घोटून झाल्याशिवाय मी तवा कधी चढवलाय? घोटलंच नाही तर टाकू काय तव्यावर?"

तव्यावर आजवर जे नव्हतं, ते आज खरोखरच नव्हतं. सासूबाई तशाच उभ्या राहिल्या. शेवटी रिकाम्या ताटल्या रिकाम्याच उचलल्या गेल्या आणि सगळे आपापल्या कामाला गेले.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी सासरे, बेकरीतला पाव खाऊनसुद्धा, पोटात खड्डा पडल्याची तक्रार करू लागले. नवऱ्यानं एका दवाखान्याच्या पाटीवर 'येथे दात काढले जातील' ऐवजी 'येथे दात दाखवले जातील' असं लिहून ठेवलं. सासूबाईंच्या हाताखाली शिकणाऱ्यानं गाडी भाजीच्या ढिगात घातली, तर त्या त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. उलट तो बिचाराच घाबरून म्हणाला, "मॅडम, बरं नाही का?"

बेकरीत मामी भेटली तेव्हा कळलं. मामा गिलाव्याची कामं घ्यायचा. भिंतीला गिलावा करताना परांचीवरून घसरला आणि उजवा हात मोडला. जन्मभर भिंतींना प्लास्टर केलं, आता डॉक्टरनं त्याला केलं होतं. घोटता येत नव्हतं. मामीनं घोटते म्हटलं, तर तो ऐकेना. ज्यांच्या वाटणीत आहे त्यांनीच घोटायचं, नाहीतर न्याहारी बंद.

काटेवाली बेकरीतून तडक खालच्या मजल्यावर गेली. मामा खुर्चीत बसला होता. मोडका हात गळ्यात, चेहरा सुतकी.

"मामा, मला शिकवा."

"तू वरच्यांची."

"मी कुणाच्याच वाटणीत नाही, मामा. वाटणी झाली तेव्हा मी या घरात नव्हते."

मामानं यावर विचार केला. अप्पांचा मुलगा होता तो. मुद्दा त्याला पटला. "हात तुझा, कान माझे," तो म्हणाला. "आवाज चुकला तर भांडं काढून घेईन."

त्यानं सांगितलं तसं तिनं केलं. दोन पिठं, थोडं तेल, आंबवलेलं दूध, आणि मामानं सवयीनं आदल्या रात्री डाव्या हातानं भिजत घातलेलं एक दाणेदार काहीतरी, त्याचं नाव त्यालाही माहीत नव्हतं. अप्पा ज्या दुकानातून आणायचे तिथूनच तो बोट दाखवून आणायचा. मग घोटणं. "पाणी बेतानं. गाठ राहिली तर भिंत फुगते," मामा म्हणाला, आणि मग, "म्हणजे पोट."

खर्र खर्र आवाज सुरू झाला. वरच्या मजल्यावर कुणाची तरी पावलं धावत शेगडीकडे गेली. मामानंही ती ऐकली. तो छताकडे पाहत राहिला. "रोज उभी असते का गं ती?" त्यानं विचारलं.

"रोज. तुमचं थांबेपर्यंत पेटवत नाही."

मामानं मोडक्या हातानंच नाक पुसायला पाहिलं आणि प्लास्टर नाकावर आपटून घेतलं.

घोटून झालं. भांड्यात घट्टसर पांढरा घोळ चकाकत होता. मामीनं वाट्या मांडल्या. काटेवालीनं भांडं उचललं आणि वाट्यांकडे न जाता दाराबाहेर गेली.

"कुठे? अगं, कुठे निघालीस?" मामा मागे धावला. त्याच्यामागे वाटी घेऊन मामी. "ते खालचं आहे! वर जायचं नाही ते!"

जिन्याच्या मधल्या वळणावर सासूबाई उभ्या ठाकल्या. हातात उलथनं. वर तवा तापत होता. मागे सासरे आणि नवरा.

"ते भांडं माझ्या घरात यायचं नाही," सासूबाई काटेवालीला म्हणाल्या, पण पाहत होत्या भावाकडे. "सांग तुझ्या मामाला, त्यात मीठ आहे की नाही ते आधी कबूल कर म्हणावं."

"सांग तुझ्या सासूला, मीठ माझ्या वाटणीतलं आहे, घालायचं तेव्हा घालीन!"

"माझ्या वाटणीतलं!"

"अप्पा म्हणाले, मधे घालायचं. मधे म्हणजे घोटण्याच्या मधे!"

"मधे म्हणजे तव्यावर टाकायच्या मधे!"

"त्याला आधी म्हणतात, मधे नाही!"

काटेवालीचे हात भांड्याच्या वजनानं भरून आले होते. किती वजन आहे ते तिला अचूक कळत होतं, पण ते कुणी विचारत नव्हतं. ती जिन्याच्या त्या वळणावर, दोन्ही घरांच्या बरोबर मधल्या पायरीवर बसली. "मामी," ती म्हणाली, "घरात मीठ आहे ना?"

मामी धावत जाऊन डबा घेऊन आली. काटेवालीनं चिमूट घेतली. दोन्हीकडच्या माना एकदम पुढे झाल्या.

"इथून वरचं आईंचं, इथून खालचं मामांचं," ती म्हणाली. "ही पायरी कुणाची?"

मामानं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी मामाकडे. अप्पांनी मजले वाटले होते, खोल्या वाटल्या होत्या, पण जिना दोघांत सामाईक होता.

तिनं मीठ घातलं आणि एकदा ढवळलं.

मग सगळे वर गेले. मामानं त्या घरात पाऊल ठेवताना उंबऱ्यावर क्षणभर थांबून भिंतीचा पापुद्रा नखानं खरवडला. "गिलावा कुणी केला हा?" म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "तू बोलत नव्हतास, मग दुसऱ्याकडून करून घेतला." "वाटलंच."

सासूबाईंनी घोळ तव्यावर टाकला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच तव्यावर काहीतरी होतं. चर्र असा आवाज झाला, तशी सगळी दचकली. वास सुटला. कडा खरोखरच्या सुटल्या. हिसका दिला, आणि पालथं हवेत उलटून परत तव्यावर पडलं, गोल, सोनेरी, अगदी चित्रातल्यासारखं. सासऱ्यांनी टाळी वाजवली.

एकेकाच्या ताटलीत एकेक पडलं. सगळ्यांनी एकदमच पहिला घास घेतला.



ते भयंकर होतं. बाहेरून चामड्यासारखं चिवट, आतून ओल्या पुठ्ठ्यासारखं. ते दाणेदार काहीतरी दातांत वाळूसारखं करकरत होतं, आणि गिळल्यावर घशात जुन्या कपाटाचा वास मागे राहत होता. मीठ मात्र अगदी बेताचं होतं. मामीनं घास गालात एका बाजूला ठेवून दिला. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते भावनेनं आलं नव्हतं.

मामा चावत राहिला. मग हळूच म्हणाला, "छोटे, हे बरोबर झालंय का गं?"

सासूबाईंनी कष्टानं गिळलं. "अगदी बरोबर झालंय, दादा. अप्पांचं अस्संच लागायचं."

"अस्संच."

"तू बुटात लपवायचास."

"आणि तू खिडकीतून टाकायचीस. खालच्या शेळीनं एकदा खाल्लं आणि मालकानं ती अप्पांविरुद्ध कोर्टात उभी केली."

सासूबाईंना हसू फुटलं. त्या मामाच्या प्लास्टरवर डोकं टेकवून हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, आणि मामाही रडला. बाकीच्यांनी ती संधी साधून आपापल्या तोंडातला घास रुमालात घेतला.

नंतर बरीच चर्चा झाली. इतकी जुनी न्याहारी, टाकून तर देता येत नाही. आणि अखंड खाता येत नाही, हे तर सगळ्यांनी स्वतः अनुभवलं होतं. शेवटी मामाच म्हणाला, की अप्पांनी ती वाटली यातच त्यांचं शहाणपण. सासूबाईंना ते पटलं. त्यांनी भांड्यात उरलेला घोळ बोटावर घेऊन चाटला आणि म्हणाल्या, "हे तसं वाईट नाही. थंडगार आहे."

"रोज ये मग. वाटीभर काढून ठेवीन."

"आणि तू वर ये. माझं पोटाला हलकं असतं. तुझ्या वयात आता जड खाऊ नये."

तेव्हापासून सकाळी मामा वर येतो. सासूबाईंनी वाढलेलं पालथं फुंकून फुंकून खातो, आणि दुसरं मागून घेतो. सासूबाई खाली जाऊन घोळ पितात आणि दिवसभर गाडी शिकवताना त्यांच्या पोटातून डुबुक डुबुक आवाज येतो. शिकणाऱ्यांना वाटतं, इंजिनात काहीतरी बिघाड आहे. ते आपणहून वेग कमी करतात.

आता दोन्ही भाग येणारं या घरात एकच माणूस आहे, काटेवाली. मामा आणि सासूबाई दोघांनी मिळून तिला सांगून ठेवलंय, की अख्खं पालथं तिनं एकटीनं कधीच करायचं नाही. तिनं तसं वचनही दिलंय. फक्त मध्यंतरी ज्या दुकानदाराचा काटा ती दर वेळी दुरुस्त करायची आणि तो दर वेळी मुद्दाम बिघडवायचा, त्याला तिनं एकदा घरी न्याहारीला बोलावून अख्खं पालथं वाढलं होतं. त्यानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, ताटली चाटूनपुसून साफ केली. मग सगळ्यांकडे पाहत, भारावलेल्या आवाजात म्हणाला, "अहो, हे तर अगदी आमच्या आजीच्या हातचं!"

आणखी एक वाटेकरी निघाला की काय, अशा नजरेनं सासूबाईंनी आणि मामानं एकमेकांकडे पाहिलं. मग मामा हळूच म्हणाला, "विचार गं त्याला, त्याच्या आजीला आणखी कुणी भावंडं होती का?"